दोघाईचे डोळे

तायडे मॅडमच्या हातात रंगीत खडू मी कधी पाहिला नाही. हृदयाच्या आकृतीत शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून बसलेलं असतं. मॅडम सगळं पांढऱ्या खडूनं काढत. शुद्ध रक्त म्हणजे आडव्या रेघा, अशुद्ध म्हणजे टिंबं. पानाचा छेद काढला तर हिरवं कुठं आहे ते बाण काढून शब्दात लिहीत, 'हिरवे'. पोरं सुरुवातीला हसायची. दिवाळीनंतर त्यांच्याही वह्यांत रेघा आणि टिंबं दिसायला लागायची.

अमरावतीत आमचं ज्युनिअर कॉलेज आणि नीटचा क्लास एकाच इमारतीत होता. मी रसायनशास्त्र शिकवायचे, त्या जीवशास्त्र. स्टाफरूममध्ये अकरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. बुटक्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेल्या. साड्या निळ्या, नाहीतर पांढऱ्यावर पिवळी नक्षी. दुसरा रंग नाही. आनंदाला आणि दुःखाला त्यांच्याकडे एकच चेहरा होता. निकाल चांगला लागला की 'बरं' म्हणायच्या, आणि स्टाफरूममधला पंखा बंद पडला तरी 'बरं'च.

त्यांना लाल-हिरवं कळत नाही हे मला एका प्रॅक्टिकलच्या दिवशी समजलं. आमचा लॅब असिस्टंट आला नव्हता, म्हणून त्या मदतीला उभ्या राहिल्या. ब्युरेटमधून थेंब सोडत जायचे आणि खालच्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, एवढंच काम. पोरगी विचारत होती, "मॅम, आली का?" मॅडम चंबू वर धरून पाहत होत्या, आणि मला दुसऱ्या टोकावरून दिसत होतं की द्रावण केव्हाच गडद गुलाबी होऊन गेलं आहे. मी जवळ गेले. मॅडमनी चंबू माझ्या हातात दिला आणि सर्वांदेखत, जशी वेळ सांगावी तसं सांगितलं, "मले गुलाबी दिसत नाही. तुमीच पाहा."

त्यात त्यांना कसली लाज नव्हती. बाजारात त्या भेदरं, म्हणजे टोमॅटो, दाबून घेत आणि संत्री हुंगून. मी बरोबर असले तर विचारत, "पिकेल हायेत का?" स्कूटीवर सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबत, खालचा लागला की निघत. एकदा मी म्हटलं, तुम्हाला सगळं जग काळं-पांढरं दिसतं का हो? त्या म्हणाल्या, "नाही नं बाप्पा. निळा माहा पक्का आहे. चौदा एप्रिलले इर्विन चौकात मले जेवढं दिसते तेवढं तुमाले बी दिसत नसंल. पिवळा बी पक्का. बाकीचे सारे मातीच्या नात्यातले."

हेच त्या वर्गात शिकवत, तेव्हा मी मुद्दाम दारापाशी रेंगाळायचे. शिकवताना त्या पुस्तकी मराठी बोलत.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी आहेत," त्या म्हणायच्या. "दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशींना कळतो. पण त्यांनाही एकट्यादुकट्यानं कळत नाही. शंकू तीन प्रकारचे. एक लांब लहरींना जास्त जागा होतो, एक मधल्या, एक आखूड. आपण सोयीसाठी लाल, हिरवा, निळा म्हणतो. तिघं आपापला जबाब देतात, आणि तिघांचे जबाब ताडून मेंदू निकाल देतो की हे संत्रं आहे. रंग संत्र्यात नाही. निकालात आहे. एकाचा जबाब चुकला की निकाल चुकला."

मग प्रकार. लालाची पेशी नसली किंवा बिघडली तर लाल काळपट दिसतो, आणि हिरव्याशी घोळ होतो. हिरव्याची बिघडली तर उजेड तेवढाच राहतो, पण घोळ तोच. हा दुसरा प्रकार जास्त सापडतो. निळ्याची बिघडणं फार विरळा. आणि तिन्ही नसलेला माणूस तर त्याहून विरळा, तो नुसत्या दंडपेशींवर जगतो, त्याला उन्हात डोळे उघडवत नाहीत. "अकोल्याच्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल, विचार करा," असं त्या म्हणायच्या आणि पोरांना विचार करायला खरंच अर्धा मिनिट द्यायच्या.

शेवटी आनुवंशिकता. लाल-हिरव्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाकडे एक्स एकच, आईकडून आलेला. तो बिघडलेला असला की विषय संपला. मुलीकडे दोन, एक आईचा, एक बापाचा. एक बिघडला तरी दुसरा भागवून नेतो. म्हणून मुलगी रंगांध असेल तर दोन्ही बिघडलेले लागतात. आणि बापाकडे तर एकच एक्स असतो. तोच मुलीला जातो.

"तेव्हा प्रश्न," मॅडम हात झटकत म्हणायच्या. "मुलगी रंगांध. बापाची नजर निर्दोष. शक्य आहे का?"

सगळा वर्ग ओरडायचा, "नाही!"

"पुढं," म्हणून त्या पान उलटायच्या.

हा प्रश्न मी दरवर्षी ऐकला. त्या स्वतः मुलगी आहेत, रंगांध आहेत आणि त्यांनाही बाप आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही. रोज समोर बसणाऱ्या माणसाबद्दल आपण असे हिशेब करत नाही.

बाप होता बडनेऱ्याला. काशिनाथ तायडे, मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. बायको मॅडमच्या बारावीच्या वर्षीच गेली, मूल हे एकच. स्टेशनपासून दहा मिनिटांवर बापलेकीचं दोन खोल्यांचं घर होतं. मॅडम रोज तिथून स्कूटीनं यायच्या. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "जमलं नाही" एवढंच सांगायच्या.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हातारेबुवा ओट्यावर बसून मिरच्यांची देठं काढत होते. उंच, हाडकुळे, कानांवर केस. सुपात लाल आणि हिरव्या मिरच्या मिसळलेल्या होत्या. मॅडमनी आतून विचारलं, "बाबा, हिरव्या बाजूले काढल्या का?"

"आता मले काय समजते वं त्यातलं," ते म्हणाले. "मॅडमले काढू दे."

मी बसून मिरच्या वेगळ्या केल्या. ते माझ्या हाताकडे पाहत होते. मला गंमत वाटली. म्हटलं, "काका, तुम्हालाही मॅडमसारखंच?"

"तर काय," ते म्हणाले. "आमच्या दोघाईचे डोळे सारखेच हायेत."

मॅडम चहा घेऊन बाहेर आल्या. चेहरा नेहमीचा. मी चहा घेतला, तिखटपोहे खाल्ले, घरी आले. हा माणूस तीस वर्षं सिग्नल पाहून गाडी चालवत होता हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आलं ते सना नावाच्या पोरीमुळे.

सना अकोल्याची, इथं होस्टेलवर राहायची. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. पुढच्या बाकावर बसणारी, शंका आली की हात वर करणारी पोरगी. त्या दिवशी मॅडमनी प्रश्न विचारला, वर्ग ओरडला, आणि सनानं हात वर केला.

"मॅम, क्वेश्चनच गलत आहे."

"काय चूक आहे?"

"मला हे आहे ना, मॅम. लाल-हरा. माझ्या मामूला पण आहे. पण अब्बूला नाही. अब्बू बांगड्यांचे वीस शेड नुसतं बघून सांगतात. तर मग शक्य आहे ना."

मी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये होते. मागच्या बाकांवरून एक हसू आलं, दाबलेलं. दोन-तीन पोरांनी हिशेब पुरा केला होता. सनानं अजून केला नव्हता. ती मॅडमकडे पाहत उभी होती, आपण चूक पकडली म्हणून खूश.

मॅडमनी डस्टर उचलून मागच्या बाकावर फेकलं. त्यांना काही फेकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. डस्टर भिंतीवर लागून पडलं, पांढरी धूळ उडाली.

"बस, सना," त्या म्हणाल्या. "तू बरोबर आहेस. प्रश्न चूक आहे."

आणि त्यांनी सबंध तास त्यावर घालवला. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच काम करतो, दुसरा झोपवला जातो, हे त्यांनी फळ्यावर काढलं. कुठल्या पेशीत कुठला झोपेल याचा नेम नसतो. बहुतेकींच्या डोळ्यांत निम्म्या पेशी आईचा एक्स वापरतात, निम्म्या बापाचा, म्हणून भागतं. पण एखादीच्या नशिबी बापाचा चांगला एक्स जवळजवळ सगळीकडे झोपतो. मग बाप निर्दोष असून पोरगी रंगांध होते. "पुस्तक हे सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात जागा कमी असते. पण माणसं होतात अशी. सना तशी आहे." हे त्यांनी दोनदा म्हटलं, मागच्या बाकाकडे पाहून.

त्या आठवड्याच्या चाचणीत नेमका तो प्रश्न आला. पेपर आधीच छापलेला होता. सनानं 'शक्य आहे'वर गोल केला, आणि मशीननं तो चूक धरला. मॅडम डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी माझ्या कामासाठी तिथंच होते.

"मॅडम, आन्सर की तुमीच दिली होती," सर म्हणाले.

"चुकली होती."

"अहो, नीटमध्ये हाच प्रश्न आला तर पोरगी काय लिहील?"

"तिथं 'शक्य नाही' लिहिजो म्हणून तिले सांगितलं मी. आपल्या इथं तिले मार्क द्या."

"एका मार्कासाठी एवढं?"

"हो," मॅडम म्हणाल्या आणि बसून राहिल्या. सरांनी दोन फोन घेतले. त्या बसूनच. शेवटी सरांनी तो प्रश्न रद्द करून सगळ्यांना मार्क दिला.

त्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. त्या पेपर तपासत होत्या. मी सहज म्हटलं, "बरं झालं तुम्हाला तो अपवाद माहीत होता. नाहीतर पोरीचं काय झालं असतं."

"मी शोधून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "लय वर्षांआधी." त्यांनी एका पेपरवर बरोबरची खूण केली, पान उलटलं. आणि पुढचं सगळं त्यांनी तसंच सांगितलं, पेपर तपासता तपासता. मान वर केली नाही. मध्ये दोनदा लाल पेन संपत आला म्हणून झटकला. तो लाल आहे हे त्यांना टोपणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळायचं.

त्या सात वर्षांच्या होत्या. आईनं परसातल्या झाडावरच्या लाल मिरच्या तोडून आणायला सांगितल्या, यांनी ओटीभर हिरव्या तोडून आणल्या. आईनं मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा मार. बाप ड्यूटीवरून आला होता. त्यानं पोरीला उचललं, सुपात हात घातला, आणि म्हणाला, "मले बी नाही समजत बा यातलं. आपल्या दोघाईचे डोळे सारखेच हायेत वं वनू. तुह्या मायचे येगळे." तेव्हापासून त्याला समजेनासं झालं. बाजारातून कच्ची भेदरं आणायचा. एका पायात एका रंगाचा मोजा, दुसऱ्यात दुसरा. आई दोघांवर करवादायची आणि दोघं कोपऱ्यात हसत बसायची. "आमची पार्टी होती," मॅडम म्हणाल्या.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये ते रंगीत ठिपक्यांचे तक्ते आले. एका तक्त्यावर सगळ्या पोरींना चौऱ्याहत्तर दिसलं. यांना एकवीस. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मुलींना रंगांधता नसते, नीट पाहा. यांनी नीट पाहिलं. एकवीसच होतं. मग पुस्तक वाचलं. पुस्तकात तेच लिहिलं होतं जे त्या पुढं आयुष्यभर शिकवणार होत्या. आईकडचा दोष होताच, पातूरच्या मामालाही लाल-हिरवं कळत नव्हतं. आणि बापालाही असलं पाहिजे.

"मले आधी बरंच वाटलं," मॅडम म्हणाल्या. "बाबाले होतंच नं. मंग ध्यानात आलं, तो गाडी चालवते."

रेल्वेत ड्रायव्हरच्या डोळ्यांची वरचेवर तपासणी होते. हेच तक्ते, शिवाय दिव्यांची परीक्षा. काशिनाथ तायडे दरवेळी पास. म्हणजे दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर तो घरी खरं बोलतो, तक्ते पाठ करून पास होतो आणि लाल-हिरवं न कळता मालगाडी हाकतो. नाहीतर तो घरी खोटं बोलतो, नजर निर्दोष आहे, आणि मग तो बाप नाही. आई वर्षापूर्वीच गेली होती. विचारायला कोणी नव्हतं.

मॅडमनी कॉलेजातून तक्ते मागून आणले. बाप जेवायला बसला होता. त्याच्यासमोर तो तक्ता धरला. त्यानं हात पुसला, तक्ता जवळ घेतला, लांब नेला. आणि म्हणाला, "एकवीस."

"मंग तपासणीत पास कसे होता?" यांनी विचारलं.

"जमवतो," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला. दुपारी चारला त्याची ड्यूटी होती. डबा घेऊन गेला.

"आठ दिवस मी काहीच केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "इंजिनचा भोंगा आला का हातातलं काम थांबे. मंग एक चिठ्ठी लिहिली. भुसावळले, मोठ्या साहेबाच्या नावानं. अमुक ड्रायव्हरले रंग दिसत नाही, तपासून घ्या. खाली सही नाही केली."

त्या चिठ्ठीवर बोलावणं यायला तीन आठवडे गेले. मी विचारलं, त्या तीन आठवड्यांत तुम्हाला काय वाटत होतं?

त्यांनी पेपरवरचे मार्क मोजले, वर लिहिले, आणि मग उत्तर दिलं. "तो नापास व्हावा असं वाटे. अन् तो नापास होऊ नये असं बी वाटे. दोन्ही एकाच टायमाले."

बाप भुसावळला गेला. तिथं डॉक्टरांनी त्याला दिवसभर ठेवून घेतलं. नेहमीचे तक्ते न दाखवता दुसरे दाखवले. अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवले, उलटसुलट, पुन्हा पुन्हा. एकही चूक नाही. म्हणजे जेवताना सांगितलेलं ते एकवीस त्यानं तपासणीत चुकणाऱ्या सोबत्यांकडून ऐकलेलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं तो घरी आला, पिशवीत केळीची फणी होती. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "पास झालो. कोणीतरी माह्या नावानं चिठ्ठी टाकली होती. डॉक्टरनं दाखवली मले. अक्षर लय चांगलं होतं."

त्यानं केळी बाहेर काढली. सगळी हिरवी, दगडासारखी.

"पिवळी समजून घेतली वं वनू," तो म्हणाला. "फसलो."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. भाजी केली त्याची."

त्या पुढचा पेपर तपासायला लागल्या. मग मी म्हटलं, तुम्ही सनाला सांगितलंत तेच तुमच्या बाबतीतही असू शकतं. एक्स झोपला असेल. बाबा खरेच बाबा असतील.

"असू शकते."

"आता तर तपासणी निघाली आहे. लाळेवर होते म्हणतात. करून टाका."

"काहून?" त्या म्हणाल्या. "तपासलं का एकच उत्तर येते."

"आणि दुसरं निघालं तर? कोण होता, हे जाणून घ्यावंसं नाही वाटत?"

"कोणी असंल. त्याले हिरवं दिसत नव्हतं. एवढं मालूम आहे त्याच्याबद्दल, लय झालं." आणि त्यांनी गठ्ठ्याला सुतळी बांधली.

यानंतर आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही. मॅडम माझ्याशी जास्त मोकळ्या झाल्या असंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तास बदलून मागितला, तो मी दिला. त्या 'बरं' म्हणाल्या. पुढच्या वर्षी तो प्रश्न त्यांनी वर्गात विचारला, पण वर्गाच्या उत्तरानंतर 'पुढं' न म्हणता 'पुस्तकाप्रमाणे' असा एक शब्द घातला. मला वाटलं होतं, एवढं मोठं सांगितल्यावर माणसाचं काही हलकं होत असेल. त्यांचं तसं काही दिसलं नाही.

काशिनाथ तायडे दोन वर्षांनी आजारी पडले. यकृताचं काहीतरी होतं, उशिरा कळलं. अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्यात होते. मॅडम सकाळचा तास घेऊन तिकडे जात, संध्याकाळचा घ्यायला परत येत. तासाला एक मिनिट उशीर नाही. मी एक दिवसाआड डबा नेऊन देत असे.

एका दुपारी मी गेले तेव्हा मॅडम खाली औषधं आणायला गेल्या होत्या. म्हातारेबुवा उशीला टेकून बसले होते, हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळे हळदीसारखे. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं म्हणून मी जरा ठेवणीतली साडी नेसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा खुलला.

"वा," ते म्हणाले. "मोरपंखी हाय नं? अन् काठ डाळिंबी. आमची बुढी लग्नात नेसली होती अशी."

मी डबा ठेवता ठेवता थांबले. त्यांच्याही लक्षात आलं. ते दाराकडे पाहायला लागले. दारात कोणी नव्हतं.

"मॅडम," ते हळू म्हणाले. "वनूले सांगू नका, मले दिसते म्हणून."

मी मान हलवली.

"तिले मालूम हाय," ते म्हणाले. "तरी सांगू नका."

जिन्यावर चपला वाजल्या. मॅडम औषधांची पिशवी घेऊन आत आल्या, गोळ्या बाहेर काढल्या. दोन पत्ते होते, एक सकाळचा, एक रात्रीचा. नर्सनं सांगितलं होतं, लाल सकाळी, हिरवी रात्री. मॅडमनी दोन्ही पत्ते बापासमोर धरले.

"कोनती कोनती हाय, बाबा?"

"मले काय इचारतं वं," ते म्हणाले. "मॅडम हायेत नं. त्याईले इचार."

मी दाखवलं. मॅडमनी पेनानं पत्त्यावर 'स' आणि 'रा' लिहिलं. म्हातारेबुवांनी तोंड उघडलं, त्यांनी गोळी ठेवली, पाण्याचा पेला धरला, पदरानं हनुवटी पुसली. मी साखरपुड्याला उशीर होतो म्हणून निघाले. खरं तर उशीर होत नव्हता.

ते अकरा दिवसांनी गेले. मी बडनेऱ्याला पोचले तेव्हा घरासमोर रेल्वेतली जुनी माणसं जमली होती. मॅडम आत बसल्या होत्या. रडल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "उद्याचा माहा आठचा तास तुमी घ्याल का?" मी हो म्हटलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक जुने सहकारी बोलायला उभे राहिले. काशिनाथभाऊची नजर म्हणजे काय नजर होती, धुक्यात आम्हाला खांब दिसत नव्हता तेव्हा हा सिग्नलचा रंग सांगायचा, असं ते सांगत होते. लोक मान हलवत होते. मी मॅडमकडे पाहिलं. त्या ऐकत होत्या, दुसऱ्या कोणाच्या बापाबद्दल ऐकावं तसं, शांतपणे. बोलणं झाल्यावर उठून त्यांनी त्या गृहस्थांना स्वतः पाणी नेऊन दिलं.

वर्ष संपल्यावर त्यांनी बडनेऱ्याचं घर विकलं आणि अकोल्याला एका कॉलेजात नोकरी धरली. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. टेबलाचा खण रिकामा करून गेल्या, किल्ली माझ्याकडे देऊन. फोन त्या करत नसत. मी केला तर घेत, आणि विचारलेल्याची उत्तरं देत.

गेल्या मार्चमध्ये बारावीच्या पेपर तपासणीसाठी मला अकोल्याच्या केंद्रावर जावं लागलं. ऊन तापायला लागलं होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये बाकं मांडलेली, दाराशी टेबल टाकून एक क्लार्क बसलेले. ते ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव लिहीत आणि समोर सही घेत. मागं बरीच रांग होती. माझी सही झाली, मी बाजूला होऊन पाणी प्यायले, तेव्हा रांगेत तायडे मॅडम दिसल्या. निळी साडी. जरा वाळलेल्या वाटल्या. मला पाहून मान हलवली, जशी काल भेटलो होतो.

त्यांचा नंबर आला. क्लार्कनी नाव लिहिलं आणि वही पुढं सरकवली. मॅडमनी पेन घेतला, वाचलं, आणि पेन खाली ठेवला.

"मधलं नाव राहिलं," त्या म्हणाल्या.

"चालते नं मॅडम. वनमाला तायडे लिहिलं हाय नं. नुसती हजेरी हाय हे."

"पूर्ण लिहा."

मागं कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. क्लार्कनी वही ओढून घेतली. "काय लिहू?"

"काशिनाथ."

त्यांनी दोन शब्दांच्या मध्ये, वरच्या बाजूला, दाटीवाटीनं लिहिलं आणि वही परत फिरवली. मॅडमनी वाकून पाहिलं.

"शि पहिली," त्या म्हणाल्या. "तुमी दुसरी लिहिली."

क्लार्कनी सुस्कारा टाकला, खोडलं, पुन्हा लिहिलं. मॅडमनी ते अक्षर न् अक्षर वाचलं. मग सही केली, आपल्या पेपरांचा गठ्ठा उचलला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.